राजाला न जुमानणाऱ्या दोन सुइणी

सुईण म्हटले की आपल्यापैकी पुष्कळजणींच्या डोळ्यांपुढे आजीच्या गोष्टीतली एक बाई उभी राहते. अपरात्री कंदिलाच्या उजेडात येणारी, आल्या आल्या ‘पाणी तापवा गं’ म्हणून घरादाराला हुकूम सोडणारी, आणि त्या एका रात्रीपुरते घरातल्या कर्त्या पुरुषालाही ओसरीवर बसवून ठेवणारी! काम झाले, बाळ रडले, नाळ कापली, की खण-नारळ आणि सूपभर तांदूळ घेऊन ती आपल्या वाटेने निघून जाते. तिचे नाव कोणी लिहून ठेवत नाही. घरात जन्मलेल्या मुलाच्या नावाची पत्रिका होते, सुइणीचे नाव मात्र दुसऱ्या पिढीलाही आठवत नाही.

म्हणूनच मला एका गोष्टीचे फार अप्रूप वाटते. ज्यू लोकांच्या हिब्रू धर्मग्रंथात, अगदी सुरुवातीच्या पानांत, दोन सुइणींची नावे लिहून ठेवलेली आहेत. एकीचे शिप्रा आणि दुसरीचे पुवा. आणि त्या दोघी ज्याच्यासमोर उभ्या राहिल्या तो राजा? तो इजिप्तसारख्या बलाढ्य देशाचा सम्राट होता. पण ग्रंथात त्याचे नावच नाही! ‘फारो’ म्हणजे नुसती पदवी, आपण ‘महाराज’ म्हणतो तशी. हा फारो नेमका कोणता, याबद्दल विद्वान मंडळी आजही वाद घालतात. सुइणींच्या नावांबद्दल कोणालाही वाद घालावा लागत नाही.

मैत्रिणींनो, या दोघींनी असे काय केले, ते आज पाहू या. त्यांच्या निमित्ताने याच ग्रंथातल्या आणखी काही माणसांची ओळख करून घेऊ. अन्यायी राजाचा हुकूम एका बाजूला आणि देवाची भीती दुसऱ्या बाजूला, अशा कात्रीत सापडलेली ही माणसे. काही राजवाड्यातली, काही शेतावरची, काही आपल्यासारखी चूलमूल सांभाळणारी.

हुकूम कानात सांगितला

हिब्रू धर्मग्रंथ म्हणजे ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात तोच. त्यातल्या दुसऱ्या पुस्तकाचे नाव मराठीत ‘निर्गम’. इस्राएल लोक दुष्काळामुळे इजिप्तमध्ये आले, तिथेच राहिले, वाढले, तिथून पुस्तकाला सुरुवात होते. पूर्वी त्यांच्यातल्याच योसेफाने इजिप्तला दुष्काळातून तारले होते. पण पुढे त्याला न ओळखणारा नवा राजा गादीवर आला. या परक्या लोकांची संख्या वाढते आहे, उद्या युद्ध झाले तर हे शत्रूला जाऊन मिळतील, अशी भीती त्याने प्रजेच्या मनात घातली. मग त्यांना वेठीला धरले. विटा पाडायच्या, शेतात राबायचे, पिथोम आणि रामसेस ही कोठारांची नगरे बांधायची. पण जितके छळावे तितके ते लोक वाढतच गेले.

तेव्हा राजाने सुइणींना बोलावून घेतले. इब्री बायकांची बाळंतपणे करताना पाहा, मुलगा झाला तर मारून टाका, मुलगी झाली तर जगू द्या, असा त्याचा हुकूम.

या हुकमातली मेख पाहिलीत का? हा हुकूम सैनिकांना दिला नाही, चावडीवर दवंडी पिटली नाही. बाळंतिणीच्या खोलीत काय घडते ते बाहेर कोणाला कळत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असले पाहिजे. मूल उपजतच गेले, असे म्हटले की झाले! आईही नशिबाला बोल लावून गप्प बसेल. राजाचे हात कोरडे आणि पाप सुइणीच्या पदरात.

हिब्रूत बाळंतपणाच्या जागेसाठी जो शब्द आहे त्याचा शब्दशः अर्थ दोन दगड असा होतो. त्या काळी बायका उकिडव्या बसून बाळंत होत आणि पायांखाली विटा किंवा दगड घेत. याचा एक सुंदर पुरावा 2001 साली इजिप्तमध्ये अबायडोस येथे उत्खननात मिळाला. सुमारे 3700 वर्षांपूर्वीची ती बाळंतपणाची वीट, रंगीत चित्रे काढलेली. तिच्यावर नुकतेच जन्मलेले मूल हातात घेतलेली आई आहे आणि तिच्या मागेपुढे तिला मदत करणाऱ्या बाया आहेत. म्हणजे पाहा, एकीकडे इब्री लोक राजासाठी विटा पाडत होते आणि दुसरीकडे विटांवरच बायका बाळंत होत होत्या!

भीती कोणाची?

सुइणींनी तो हुकूम मानला नाही. ग्रंथ त्याचे कारण एकाच गोष्टीत सांगतो: त्यांना देवाचे भय होते. त्यांनी मुलगे जगू दिले.

इथे ‘भय’ या शब्दाशी थोडे थांबायला हवे. हिब्रूत या शब्दात भीतीही आहे आणि आदरही. आपण ‘देवाला भिऊन वागावे’ म्हणतो ना, अगदी तसेच. आई मुलाला म्हणते, ‘कोणी पाहत नसले तरी देव पाहतो आहे.’ त्या बंद खोलीत राजाचा शिपाई नव्हता आणि मुलाचा बापही नव्हता. मुलाचा जीव त्या दोघींच्या मुठीत होता. अशा वेळी जे आडवे येते त्यालाच ग्रंथाने देवाचे भय म्हटले आहे.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. खून करू नकोस ही आज्ञा असलेल्या प्रसिद्ध दहा आज्ञा याच पुस्तकात येतात, पण कितीतरी नंतर, विसाव्या अध्यायात. शिप्रा आणि पुवा आहेत पहिल्या अध्यायात! दगडी पाट्यांवर कायदा कोरला जाण्याच्या आधीच या दोन बायांना तो कळला होता. रोज नवा जीव हातावर झेलणाऱ्या बाईला तो कुणी लिहून द्यावा लागत नाही, असेच म्हणायचे.

त्या कोणत्या समाजाच्या, यावरही फार जुनी चर्चा आहे. हिब्रू मजकुरात तो शब्द असा आहे की ‘इब्री सुइणी’ असाही अर्थ लागतो आणि ‘इब्री बायकांच्या सुइणी’ असाही. परंपरेने बहुतेक टीकाकार त्यांना इब्रीच मानतात. मध्ययुगातला थोर टीकाकार राशी तर जुन्या परंपरेला धरून म्हणतो की शिप्रा म्हणजे मोशेची आई योखेबेद आणि पुवा म्हणजे त्याची बहीण मिर्याम. शिप्रा बाळाला पुसून, नीटनेटके करून सुरेख करायची म्हणून शिप्रा. पुवा बाळाशी गोड आवाज काढून बोलायची म्हणून पुवा! उलट पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसिफस त्यांना इजिप्शियन ठरवतो. तसे असेल तर त्यांचे धाडस आणखीच मोठे, कारण मग त्यांनी आपल्याच राजाविरुद्ध परक्यांची मुले वाचवली. अमेरिकेतल्या ब्रुकलिन संग्रहालयात इजिप्तचा एक प्राचीन पपायरस आहे. त्यावरच्या दास-दासींच्या यादीत शिप्रासारखे एक नाव सापडते. ती हीच बाई असे नव्हे, पण असली नावे त्या काळी त्या देशात होती, एवढे त्यावरून दिसते.

त्या खोटे बोलल्या का?

मुलगे जगताहेत हे राजाच्या कानावर गेलेच. त्याने सुइणींना बोलावून जाब विचारला. आता त्यांनी काय सांगितले ऐका. इब्री बायका काही इजिप्शियन बायकांसारख्या नाजूक नाहीत, त्या मोठ्या दणकट. आम्ही पोचायच्या आतच मोकळ्या होतात, आम्ही तरी काय करणार?

वाचताना हसू येते. बाळंतपणाच्या बाबतीत पुरुषाला, मग तो सम्राट का असेना, काय कळणार! दोघींनी त्याला त्याच्या अज्ञानातच गुंडाळले. ज्या शब्दाने त्यांनी ‘दणकट’ म्हटले त्या हिब्रू शब्दात जनावरांचाही अर्थ डोकावतो, असे जुने टीकाकार सांगतात. जो राजा या लोकांना जनावरांसारखा राबवत होता, त्याला असले उत्तर लगेच पटले असेल तर नवल नाही.

पण मग प्रश्न येतोच. त्या खोटे बोलल्या, आणि तरी देवाने त्यांचे भले केले असे ग्रंथ म्हणतो, हे कसे? ख्रिस्ती संत ऑगस्टीन याने यावर बराच विचार केला होता. त्याचे म्हणणे असे की देवाने बक्षीस दिले ते त्यांच्या दयेबद्दल, खोटे बोलण्याबद्दल नव्हे. इतर कित्येकांनी म्हटले आहे की मारेकरी दाराशी उभा राहून ‘मूल कुठे आहे?’ विचारत असेल तर त्याला खरे सांगणे आपल्यावर बंधनकारक नाही. स्वतःच्या फायद्यासाठी सोडलेली थाप आणि तान्ह्या जीवासाठी केलेली बतावणी यांत फरक आहे, तो आपल्याला सांगावा लागत नाही. तरीही हा प्रश्न सोपा नाही, आणि सोपा नाही म्हणूनच दीड-दोन हजार वर्षे माणसे त्यावर बोलत आली.

देवाने त्या सुइणींना ‘घरे’ दिली, असे पुढे वाक्य येते. हिब्रूत घर म्हणजे भिंतीही आणि घराणेही. दुसऱ्यांची घरे ज्यांनी उजाड होऊ दिली नाहीत त्यांची घरे भरली, असा त्याचा सरळ अर्थ आपल्या मनाला पटतो.

राजाचे काय झाले? त्याला आता गुपचूप काम उरकता येईना. म्हणून त्याने साऱ्या प्रजेलाच उघड हुकूम सोडला: इब्रींचा जन्मेल तो मुलगा नदीत फेकून द्या. म्हणजे सुइणींच्या नकाराने छळ थांबला नाही, उलट वाढला. ग्रंथ हे लपवत नाही. पण आता राजाचे पाप उघड्यावर आले. ते कोणालाही नशिबाच्या किंवा बाळंतिणीच्या माथी मारता येईना.

नदीकाठच्या तिघी

पुढची गोष्ट पुष्कळजणींना माहीत असेल. लेवी घराण्यातल्या एका बाईला मुलगा झाला. तिने तो 3 महिने घरात लपवला. तान्ह्या मुलाला लपवणे म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहे. शेजारी आवाज जाऊ नये म्हणून रडण्याआधीच छातीशी धरायचे, दुपटी बाहेर वाळत घालायची नाहीत! पुढे जमेना तेव्हा तिने लव्हाळ्याची पेटी विणली, तिला डांबर आणि राळ लावून पाणी आत येणार नाही अशी केली, आणि मुलाला तीत ठेवून नदीकाठच्या लव्हाळ्यात सोडले. राजाचा हुकूम नदीत टाकण्याचा होता ना? घ्या, टाकला नदीत! पण पेटीत घालून. या पेटीसाठी हिब्रूत जो शब्द आहे तो सबंध ग्रंथात आणखी एकाच गोष्टीत येतो, महापुरातून जग वाचवणाऱ्या नोहाच्या तारवासाठी.

मुलाची बहीण दूर उभी राहून पाहत राहिली. तेवढ्यात खुद्द राजाची मुलगी दासींसह स्नानाला आली. पेटी उघडली, मूल रडत होते, तिला दया आली. हे इब्रींचे मूल आहे, हे तिने लगेच ओळखले. ग्रंथात तसे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे तिने अजाणता काही केले नाही. बापाचा हुकूम तिला माहीत होता, आणि त्याच बापाच्या वाड्यात तिने ते मूल वाढवले. लव्हाळ्यामागून ती चुणचुणीत बहीण पुढे आली आणि म्हणाली, दूध पाजायला एखादी इब्री बाई आणू का? आणली ती मुलाच्या आईलाच! आपल्याच मुलाला दूध पाजण्याचा पगार त्या आईला राजाच्या तिजोरीतून मिळाला. तेच मूल म्हणजे मोशे, ज्याने पुढे आपल्या लोकांना गुलामीतून बाहेर काढले.

गंमत अशी की राजाला भीती होती फक्त मुलग्यांची. मुली जगू द्या, त्यांच्यापासून काय धोका, असा त्याचा हिशेब. आणि त्याचा बेत उधळला कोणी? दोन सुइणी, एक आई, एक बहीण आणि त्याची स्वतःची लेक.

राजा म्हणजे देव नव्हे

राजाला ‘नाही’ म्हणण्याचे बळ या गोष्टींत कुठून येते? त्यासाठी हा ग्रंथ राजाकडे कसा पाहतो ते समजून घ्यायला हवे. इजिप्तमध्ये फारोला देवाचा अंश मानत. हिब्रू ग्रंथात राजा कधीच देव नाही. लोक शमुवेल संदेष्ट्याकडे गेले आणि इतर राष्ट्रांसारखा आम्हालाही राजा दे म्हणू लागले, तेव्हा त्याने त्यांना आधीच बजावले. राजा तुमचे मुलगे रथांपुढे धावायला नेईल, तुमच्या शेतांची, द्राक्षमळ्यांची उत्तम जमीन काढून आपल्या चाकरांना देईल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल. आणि तुमच्या मुलींना? त्यांना नेईल अत्तरे करायला, स्वयंपाकाला आणि भाकऱ्या भाजायला. राज्यकारभाराच्या इतक्या जुन्या चर्चेत भाकऱ्या भाजणाऱ्या लेकींची आठवण ठेवलेली पाहून मला बरे वाटले.

‘अनुवाद’ या पुस्तकात तर राजासाठी नियमच घातले आहेत. त्याने फार घोडे बाळगू नयेत, फार बायका करू नयेत, सोनेरुपे साठवू नये. धर्मशास्त्राची एक प्रत लिहून घेऊन ती आयुष्यभर वाचावी, आणि आपल्या भाऊबंदांहून स्वतःला मोठे समजू नये. नियम राजाच्या वर आहे, हे एकदा मान्य केले की मग राजाने नियम मोडल्यावर त्याला तसे सांगणारे कोणीतरी लागतेच.

नाबोथाचा मळा

नियम मोडणाऱ्या राजांत अहाब राजाचे नाव पहिले. इज्रेल गावी त्याच्या वाड्याला लागून नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा होता. राजाला तिथे भाजीपाला लावायचा होता. त्याने दुसरा मळा किंवा पैसे देऊ केले. नाबोथ म्हणाला, ही वाडवडिलांची जमीन, ती देणे देवाला मान्य नाही. त्या लोकांच्या शास्त्रात जमीन देवाची मानलेली आहे, माणसे केवळ वहिवाटदार. एवढ्यावर राजा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडला, जेवेना! रुसलेल्या लहान मुलासारखा.

मग त्याची राणी ईजबेल पुढे झाली. तिने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्याची मोहोर उठवली आणि गावच्या वडीलधाऱ्यांना पाठवली. उपास जाहीर करा, नाबोथाला मानाने पुढे बसवा, दोन नीच माणसांना साक्षीला उभे करा, याने देवाची आणि राजाची निंदा केली असे सांगायला लावा आणि त्याला दगडमार करा. सगळे कायद्याने, साक्षीपुराव्याने! आणि गावच्या प्रतिष्ठितांनी ते जसेच्या तसे केले. पत्र वाचून एकानेही विचारले नाही की हे कसे करावे? या गोष्टीत मला ईजबेलीपेक्षा त्या सज्जन म्हणवणाऱ्या वडीलधाऱ्यांचीच जास्त भीती वाटते. सुइणींना जे जमले ते त्यांना जमले नाही.

राजा मळ्याचा ताबा घ्यायला गेला तर तिथे एलीया संदेष्टा उभा. खून करून वर वतनही घेतलेस का, असा त्याने तोंडावर सवाल टाकला. याच अहाबाच्या वाड्यात ओबद्या नावाचा कारभारी होता. राणी देवाच्या संदेष्ट्यांना मारत सुटली तेव्हा त्याने 100 जणांना पन्नास-पन्नास करून गुहांत लपवले आणि त्यांना भाकर-पाणी पुरवले. एलीया राजाच्या तोंडावर बोलला आणि ओबद्या नोकरीत राहून गुपचूप भाकरी पोचवत राहिला. ग्रंथाने दोघांनाही जागा दिली आहे.

या एलीयाशी आपल्या महाराष्ट्राचे खरेखुरे नाते आहे. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले, ते एलीयाला ‘एलियाहू हन्नाबी’ म्हणतात. मंगलकार्याच्या वेळी, नवस फेडताना त्याच्या नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे असे ते ताट असते. अलिबागजवळच्या खंडाळा गावी (घाटातले नव्हे बरे का!) त्याचा रथ येऊन गेला अशी त्यांची श्रद्धा आहे. 1948 नंतर त्यांच्यातली बहुसंख्य माणसे इस्राएलला गेली, पण मलिद्याचे ताट तिकडेही सजते.

नकार दिला, तरीही...

आता एक कडू गोष्ट. शौल राजाला संशय आला की नोब गावच्या याजकांनी त्याचा शत्रू दावीद याला मदत केली. खरे म्हणजे त्यांनी भुकेल्या माणसाला भाकर दिली होती. राजाने आपल्या शिपायांना सांगितले, यांना मारा. शिपायांनी हात उचलला नाही. हत्यारबंद माणसे, समोर राजा, आणि तरी एकाचाही हात उठला नाही! पण तिथे दवेग नावाचा माणूस होता. त्याने ते काम केले आणि त्या दिवशी 85 याजक मेले.

म्हणजे नकाराला नेहमी यश येतेच असे नाही. ‘मी नाही केले तर दुसरा कोणी करेलच, मग मीच का वाईट व्हावे?’ हा प्रश्न आपण किती वेळा ऐकतो! शिपायांजवळ त्याचे उत्तर होते. दुसरा करील तर तो त्याच्या हाताने करील, माझ्या हाताने नाही.

बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने सोन्याचा पुतळा उभारला आणि सर्वांनी त्याच्या पाया पडावे, नाहीतर भट्टीत टाकीन म्हणाला. तेव्हा शद्रख, मेशख आणि अबेद्‌नगो या तीन तरुणांनी काय सांगावे? आमचा देव आम्हाला वाचवू शकतो. पण समजा नाही वाचवले, तरीही आम्ही या मूर्तीला नमणार नाही. त्या गोष्टीत ते वाचतात, पण बोलताना त्यांना ते माहीत नव्हते. ‘नाही वाचवले तरीही’ या शब्दांतच त्यांची श्रद्धा आहे. देवाशी त्यांनी सौदा केला नाही.

एस्तेर राणीचेही तसेच. तिची गोष्ट ज्या साम्राज्यात घडते ते हिंदुस्थानापर्यंत पसरले होते, असे त्या पुस्तकाच्या पहिल्याच ओळीत आहे. न बोलावता राजापुढे जाईल त्याला मरणाची शिक्षा, असा तिथला कायदा. राजाने 30 दिवस तिला बोलावलेही नव्हते. पण तिच्या लोकांच्या कत्तलीचा हुकूम निघाला होता. 3 दिवस उपास करून ती आत गेली. मेले तर मेले, एवढीच तिची तयारी. विशेष म्हणजे एस्तेरच्या हिब्रू पुस्तकात देवाचे नाव एकदाही येत नाही! देवाला मानणे नुसते नाव घेण्यात नसते, हे सांगायला याहून वेगळा दाखला कशाला हवा?

मग मोडावा का प्रत्येक हुकूम?

नाही, असे या ग्रंथाने मुळीच सांगितलेले नाही. यिर्मया संदेष्ट्याने बाबेलला नेलेल्या कैद्यांना पत्र लिहून सांगितले, तिथे घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या नगरात आहात त्याचे भले व्हावे म्हणून प्रार्थना करा. दानीएल तर परक्या राजांच्या दरबारी इमानाने चाकरी करत होता. त्याच्या कामात वैऱ्यांनाही चूक सापडेना. 30 दिवस राजाखेरीज कोणाकडे काही मागायचे नाही असा कायदा झाला, तेव्हा तेवढी एकच गोष्ट त्याने मानली नाही. खिडक्या उघड्या ठेवून तो रोजच्यासारखी दिवसातून 3 वेळा प्रार्थना करत राहिला आणि सिंहांच्या गुहेत जायला तयार झाला.

या सगळ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की काही खुणा दिसतात. यांतल्या कोणीही स्वतःच्या सोयीसाठी हुकूम मोडला नाही. दुसऱ्याचा जीव, दुसऱ्याची जमीन किंवा देवाची जागा हिरावली जात होती, तिथेच ती माणसे अडली. आणि त्यांनी काही जगावेगळे केले नाही, आपले नेहमीचे कामच चालू ठेवले. सुइणीने बाळंतपण केले, आईने मूल सांभाळले, दानीएलाने प्रार्थना केली. आपल्याच कामाच्या उलट वागायला सांगणारा हुकूम आला, तेव्हा त्यांनी कामाला धरून राहायचे ठरवले.

आपल्यापुढे कोणी फारो येत नाही. पण घरातही हुकूम येतात, आणि ते बहुधा हळू आवाजात, कानात येतात, सुइणींना आला तसेच. ‘या वेळी मुलगी असेल तर नको.’ ‘मोलकरणीचे चार दिवस धरू नकोस.’ ‘सुनेबद्दल विचारले तर असे असे सांग.’ ‘इथे फक्त सही कर, वाचायची गरज नाही.’ थोरामोठ्यांचा मान ठेवावा, हे खरेच. पण मान ठेवणे आणि पापात हात घालणे यांत जी रेघ आहे ती शिप्रा आणि पुवा यांनी बंद खोलीत, कोणी पाहत नसताना, ओळखली. त्यांनी भाषण केले नाही, भांडण केले नाही. राजाने जे करायला सांगितले ते केले नाही, इतकेच.

ज्यू लोक वल्हांडणाच्या रात्री, म्हणजे पासओव्हरला, इजिप्तमधल्या गुलामीची कथा दरवर्षी घरात जेवणाच्या पाटावर, मुलांना जवळ बसवून सांगतात. मूल प्रश्न विचारते आणि मोठी माणसे उत्तर देतात. आपल्या पुण्यात 1874 साली त्या रात्रीचे पुस्तक मराठी भाषांतरासह छापले गेले होते, म्हणजे ही कथा मराठी घरांतून मराठीत सांगितली जात आली आहे.

तुम्हीही एखाद्या रात्री मुलांना ही गोष्ट सांगून पाहा. पेटीतले बाळ आणि लव्हाळ्यात लपलेली बहीण त्यांना आवडेलच. पण त्याआधी दोन सुइणींपासून सुरुवात करा आणि त्यांची नावे नीट सांगा: शिप्रा आणि पुवा. मुलांनी राजाचे नाव विचारले, तर सांगा की ते काही पुस्तकात दिलेले नाही.